मक्यावर सापडलेली ‘भाताची’ अळी

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यात पश्चिमेकडून पूर्वेकडे निघाले की पिके कशी बदलत जातात, हे तिथल्या शिक्षकांना सांगायला नको. अकोले तालुक्यात भंडारदऱ्याच्या बाजूला भाताची खाचरे. प्रवरेच्या काठाने खाली उतरले की संगमनेर, श्रीरामपूर, राहुरी हा उसाचा आणि मक्याचा बागायती पट्टा. पुढे पाथर्डीकडे ज्वारी आणि बाजरी. भात, ऊस, मका, ज्वारी, बाजरी ही सगळी वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने गवते. त्यामुळे गवतांवर जगणारी एखादी नवी कीड या जिल्ह्यात शिरली, तर पहिला प्रश्न येतो तो असा की, ही यांपैकी नेमके काय खाणार?

२०१९ च्या खरिपात महाराष्ट्रभर मक्याच्या पोंग्यात अशी एक अळी दिसू लागली. पानांवर आधी कागदासारखे पांढुरके चट्टे, मग ओळीने भोके, आणि पोंगा उघडला की आत लाकडाच्या भुशासारखी विष्ठा. डोक्यावर इंग्रजी वाय अक्षराची उलटी पांढरी खूण, शेपटीजवळ चौकोनात मांडलेले चार काळे ठिपके. हीच अमेरिकन लष्करी अळी. तिचे शास्त्रीय नाव स्पोडोप्टेरा फ्रूजिपर्डा. यातले फ्रूजिपर्डा हे नाव १७९७ साली जे. ई. स्मिथ यांनी अमेरिकेतल्या जॉर्जियातील किडीला दिले. भारतात ती प्रथम सापडली मे २०१८ मध्ये, कर्नाटकातल्या शिवमोग्गा येथे. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात ती सोलापूर जिल्ह्यात मक्यावर होती, आणि पुढे सांगली जिल्ह्यात उसावरही तिची नोंद झाली.

आता कोड्याची गोष्ट. ही अळी मक्यावर सापडली, मका खात होती, मक्याचेच नुकसान करीत होती. पण २०१८ मध्येच भारतीय नमुन्यांच्या डीएनएची जी पहिली तपासणी झाली, तिचे उत्तर आले की ही अळी ‘भात-वंशाची’ आहे! ज्या खंडात जगातला बहुतेक तांदूळ पिकतो आणि खाल्ला जातो, तिथे हे उत्तर वाचून कोणालाही धडकी भरावी. अळी आज मक्यात आहे, उद्या अकोल्याच्या, कोकणाच्या, भंडाऱ्याच्या खाचरांत उतरणार का?

हे उत्तर आले कसे आणि त्याचा अर्थ काय, हे समजायला जरा मागे जावे लागेल. दिसायला तंतोतंत सारखे, पण वागायला वेगळे असे कीटक ओळखायचे कसे, हा प्रश्न डीएनएपेक्षा पुष्कळ जुना आहे.

बेंजामिन वॉल्श हा केंब्रिजमध्ये डार्विनचा समकालीन. पुढे तो अमेरिकेत इलिनॉय राज्यात स्थायिक झाला आणि कीटकांच्या नादी लागला. १८६४ साली त्याने लिहिले की, एकाच जातीचे कीटक वेगवेगळ्या झाडांवर पिढ्यानपिढ्या वाढले तर त्यांचे झाडानुसार वेगळे गट पडत असावेत. त्याचे आवडते उदाहरण सफरचंद पोखरणाऱ्या माशीचे. सफरचंद अमेरिकेत युरोपीय लोकांनी नेले. तिथली मूळची माशी रानटी हॉथॉर्नच्या फळांत वाढायची, आणि वॉल्शच्या काळात तिचा एक गट सफरचंदावर उतरला होता. दोन्ही गटांच्या माश्या शेजारी ठेवल्या तर भिंगानेही फरक कळत नाही. वॉल्शकडे पुरावा होता तो फक्त वागणुकीचा. दोन्ही गट आनुवंशिकदृष्ट्या खरोखर वेगळे आहेत हे सिद्ध व्हायला १९८८ साल उजाडले, म्हणजे जवळजवळ सव्वाशे वर्षे गेली.

१९३० मध्ये कॅन्सस राज्यात रेजिनाल्ड पेंटर यांना गव्हावरच्या हेसियन माशीबाबत असाच अनुभव आला. गव्हाचे एक वाण एका भागातल्या माशीला दाद देत नाही, पण दुसऱ्या भागातली माशी तेच वाण खाऊन टाकते. माशी तीच, नाव तेच. अशा गटांना पुढे ‘जैवप्रकार’ म्हणू लागले. वाण तयार करणाऱ्या शास्त्रज्ञांची यामुळे मोठीच पंचाईत झाली. दहा-बारा वर्षे खपून एखादे प्रतिकारक वाण काढायचे आणि शेजारच्या जिल्ह्यातल्या माशीने ते सहज मोडायचे.

याचे आपल्या घरचे उदाहरण म्हणजे भातावरची गादमाशी. पूर्व विदर्भातल्या शिक्षकांनी ती पाहिली असेल. दिसायला डासासारखी. तिची अळी भाताच्या कोंबात वाढबिंदूपाशी जाऊन बसते. मग तिथून ओंबी न येता कांद्याच्या पातीसारखी पोकळ, चंदेरी नळी वर येते. ती नळी आली की त्या फुटव्याला दाणा धरत नाही. भारतात या माशीचे निरनिराळे जैवप्रकार सापडत गेले, आणि ते ओळखण्याची पद्धत मोठी गमतीची होती. निरनिराळी प्रतिकारक जनुके असलेली भाताची ठराविक वाणे ओळीने लावायची आणि त्यांवर माश्या सोडायच्या. कोणते वाण टिकले, कोणते पडले, यावरून माशीचा प्रकार ठरवायचा. डब्ल्यू-१२६३ आणि फाल्गुना या दोन्ही वाणांचे गट टिकले तर प्रकार पहिला. डब्ल्यू-१२६३ पडून फाल्गुना टिकले तर दुसरा, आणि याच्या उलट झाले तर तिसरा. दोन्ही पडले आणि एआरसी-५९८४ चा गट तेवढा टिकला, तर चौथा. आपल्याकडे भंडारा जिल्ह्यात साकोलीच्या बाजूला हा चौथा प्रकार आढळतो. म्हणजे भाताची रोपे हेच तपासणीचे उपकरण! कल्पना सुरेख, पण काम किचकट. जिवंत माश्या हव्यात आणि त्या जगतात जेमतेम दोन-चार दिवस. रोपे त्याच वेळी योग्य वयाची हवीत. निकाल हाती येईपर्यंत हंगाम सरत येतो.

म्हणून शास्त्रज्ञ अशा खुणेच्या शोधात होते, जी मेलेल्या, वाळलेल्या, एकट्या कीटकातही वाचता येईल. पहिली पायरी प्रथिनांची होती. १९६६ साली शिकागो येथे ल्यूंटिन आणि हबी यांनी फळमाश्यांची प्रथिने जेलीच्या थरातून विजेच्या दाबाने पळवली. एकच काम करणारे विकर दोन माश्यांत किंचित वेगळे असेल, तर त्यावरचा विद्युतभार वेगळा असू शकतो आणि ते जेलीत कमी-जास्त अंतर जाते. उघड्या डोळ्यांना न दिसणारा फरक असा पट्ट्यांच्या रूपात दिसू लागला. सफरचंदाच्या माशीचा निकाल १९८८ मध्ये लागला तो याच पद्धतीने.

आपल्या अळीची गोष्टही इथेच सुरू होते. अमेरिकेत डोरोथी पॅश्ली यांनी १९८० च्या दशकात लष्करी अळीच्या प्रथिनांचा असाच अभ्यास केला. मक्यावरून गोळा केलेल्या अळ्या एका बाजूला पडल्या. भातावरच्या आणि बर्म्युडा गवतावरच्या अळ्या दुसऱ्या बाजूला. (बर्म्युडा गवत म्हणजे आपली हरळीच. गणपतीला वाहतो ती.) १९८६ मध्ये त्यांनी आपला निबंध छापला आणि त्याच्या शीर्षकाच्या शेवटी प्रश्नचिन्ह ठेवले: या एकमेकींच्या सख्ख्या बहिणीसारख्या दोन जाती तर नव्हेत? ते प्रश्नचिन्ह मला फार प्रामाणिक वाटते. पुढच्या संशोधनात कळले की दोन्ही गटांतले पतंग मीलनही वेगळ्या वेळी करतात. मका-वंशाचे रात्रीच्या पूर्वार्धात जास्त आणि भात-वंशाचे पहाटेकडे. पण ही भिंत पक्की नाही. दोघांचा संकर होऊ शकतो आणि होतोही. या शेवटच्या वाक्याकडे कृपया लक्ष असू द्यावे, कोड्याची किल्ली त्यात आहे.

प्रथिनांची पद्धत चांगली असली तरी तिला ताजा किंवा गोठवलेला कीटक लागतो. डीएनए त्या मानाने चिवट. १९८३ मध्ये कॅरी मुलिस यांना डीएनएच्या हव्या त्या तुकड्याच्या प्रती काढण्याची, पीसीआरची, युक्ती सुचली. प्रत्येक फेरीत प्रती दुप्पट होतात. तीस फेऱ्यांनंतर एकाचे किती होतील, हे विद्यार्थ्यांना वर्गात काढायला सांगावे. उत्तर येते १०७ कोटींहून जास्त. आता मुंगीएवढ्या कीटकाचा पायदेखील तपासणीला पुरेसा झाला.

१९९० मध्ये ‘रॅपिड’ नावाची पद्धत आली. कोणतीही दहा अक्षरांची डीएनएची आखूड साखळी घ्यायची आणि ती कीटकाच्या डीएनएवर जिथे जिथे चिकटेल तिथल्या प्रती काढायच्या. जेलीवर पट्ट्यांची एक नक्षी उमटते. कीटकाच्या डीएनएबद्दल आधी काहीच ठाऊक नसले तरी चालते, त्यामुळे किडींच्या अभ्यासकांनी ती उचलून धरली. नवी दिल्लीच्या आंतरराष्ट्रीय जनुक अभियांत्रिकी व जैवतंत्रज्ञान केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये याच पद्धतीने गादमाशीचे जैवप्रकार वेगळे करून दाखवले. जे काम भाताच्या रोपांच्या रांगा हंगामभर करीत, ते आता परीक्षानळीत होऊ लागले. पुढच्याच वर्षी याच गटाने दुसऱ्या पद्धतीने अशी एक खूण शोधली, की जी माशीच्या वाण मोडण्या-न मोडण्याच्या गुणाशीच जोडलेली होती. मला यातले दुसरे काम जास्त मोलाचे वाटते. रॅपिडच्या नक्षीचा एक दोष असा की तापमान किंवा रसायन जरा बदलले तर नक्षीही बदलते. एका प्रयोगशाळेत दिसलेला पट्टा दुसरीत दिसेलच असे नाही. शिवाय एखादा पट्टा दोन गटांत वेगळा दिसला, म्हणून त्याचा त्या गटांच्या खाण्याशी संबंध असतोच असेही नाही.

लष्करी अळीसाठी १९९६ मध्ये लू आणि अडांग यांनी अधिक भरवशाची खूण शोधली. पेशीत ऊर्जा तयार करणाऱ्या तंतुकणिका असतात आणि त्यांना स्वतःचा छोटासा डीएनए असतो. त्यातल्या सीओ-१ नावाच्या जनुकाचा ५६९ अक्षरांचा तुकडा त्यांनी पीसीआरने वाढवला आणि त्यावर एमएसपी-१ हे कात्रीचे काम करणारे विकर सोडले. ही कात्री फक्त सी-सी-जी-जी ही चार अक्षरे ओळीने दिसली तरच कापते. मका-वंशात ती अक्षरे आहेत, म्हणून तुकड्याचे दोन भाग होतात: ४९७ आणि ७२. भात-वंशात त्या जागी अक्षर बदललेले आहे, म्हणून ५६९ चा तुकडा तसाच राहतो. जेलीवर पट्टा कोणत्या उंचीला थांबला, एवढे पाहिले की झाले.

वर्गात हे कागदाच्या पट्ट्यांनी छान दाखवता येते. दोन पट्ट्यांवर चार अक्षरांच्या लांब माळा लिहाव्यात. दोन्ही अगदी सारख्या, फक्त एका ठिकाणी एका पट्टीवर सी-सी-जी-जी आणि दुसरीवर सी-सी-जी-ए. कात्री घेतलेल्या विद्यार्थ्याला नियम सांगावा आणि दोन्ही पट्ट्या द्याव्यात. एका अक्षराने केवढा फरक पडतो हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

२००३ मध्ये कॅनडातल्या पॉल हेबर्ट यांनी याच सीओ-१ जनुकाचा एक तुकडा सगळ्या प्राण्यांच्या ओळखीसाठी वापरावा असे सुचवले. दुकानातल्या मालावरच्या पट्टेदार खुणेवरून त्यांनी या पद्धतीला ‘डीएनए बारकोड’ हे नाव दिले. ही पद्धत जगभर रुळली. २०१६ मध्ये लष्करी अळी अटलांटिक ओलांडून पश्चिम आफ्रिकेत आणि दोन वर्षांनी भारतात पोचली, तेव्हा सगळ्यांच्या हाताशी सीओ-१ होताच. जातीची ओळख त्याने चोख पटवली. आपल्याकडची जुनी लष्करी अळी वेगळी, तंबाखूवरची पाने खाणारी अळी वेगळी, आणि ही नवी वेगळी. अंड्यातून नुकत्या निघालेल्या अळ्यांत हा फरक डोळ्यांनी सांगणे तज्ज्ञालाही जड जाते. डीएनएला ते सहज जमते. पण त्याच तुकड्यावरून वंश वाचला, तेव्हा मक्यातल्या अळ्यांवर ‘भात’ असा शिक्का उमटला.

इथे एक गोष्ट विसरून चालत नाही. तंतुकणिका फक्त आईकडून येतात. बापाच्या तंतुकणिका पुढच्या पिढीत जात नाहीत. म्हणजे सीओ-१ ही केवळ आईची, आजीची, पणजीची साक्ष आहे. एखाद्या भात-वंशाच्या मादीचा मका-वंशाच्या नराशी संकर झाला, तिच्या मुलीचाही मका-वंशाशीच झाला, आणि असेच चालू राहिले, असे समजा. केंद्रकातल्या डीएनएत भात-वंशाचा वाटा पहिल्या पिढीत निम्मा, मग पाव, मग अष्टमांश. दहाव्या पिढीत १०२४ मध्ये एक भाग. उष्ण हवेत या अळीची पिढी साधारण महिनाभराची, तेव्हा दहा पिढ्यांना वर्षही पुरते. तंतुकणिका मात्र अजून शंभर टक्के भात-वंशाच्याच!

मग बापाची साक्ष कुठे मिळेल? पतंगांत लिंगनिश्चिती आपल्या उलट असते. नराकडे झेड हे गुणसूत्र दोन, मादीकडे झेड एकच आणि जोडीला डब्ल्यू. मादीचे ते एकमेव झेड येते बापाकडून. साखरेच्या विघटनात भाग घेणाऱ्या एका विकराचे टीपीआय नावाचे जनुक याच झेडवर आहे, आणि त्यातही मका-वंश व भात-वंश यांच्यात अक्षरांचा फरक आहे. अमेरिकेच्या कृषी खात्यातले रॉडनी नागोशी यांनी ही दुसरी खूण प्रचारात आणली. २०१९ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी भारत व दक्षिण आफ्रिकेतील नमुने तपासले. सीओ-१ पाहता बहुतेक अळ्या ‘भात’, पण टीपीआय पाहता जवळजवळ सगळ्या ‘मका’. त्याच अळ्या, दोन खुणा, आणि दोन उत्तरे. दोन्ही देशांतल्या अळ्या एकाच मूळ गटातून आल्या असाव्यात, असेही त्यांच्या सारखेपणावरून दिसले. पुढे संपूर्ण जनुकसंच वाचले गेले, तेव्हा या स्थलांतरित अळ्या शुद्ध अशा कोणत्याच वंशाच्या नाहीत, त्या संकरित असून त्यांचा मोठा वाटा मका-वंशाचा आहे, हे स्पष्ट झाले.

विद्यार्थी विचारतील, मग पहिली तपासणी चुकली का? नाही, वाचन अचूक होते. गाडीच्या पाटीवर एमएच-१६ दिसले की गाडीची नोंदणी नगरला झाली एवढे कळते. गाडी नंतर पुण्यात विकली गेली असेल, आज ती कोण चालवतो, तिच्यात कांदे भरले आहेत की सिमेंट, हे पाटी सांगत नाही. सीओ-१ काय किंवा टीपीआय काय, अळीने कोणते पान खावे हे ठरवणारी ही जनुके नव्हेत. त्या नुसत्या पाट्या आहेत. घोटाळा झाला तो पाटीला ‘भात-वंश’ असे पिकाचे नाव दिल्यामुळे. त्यांना ‘क’ आणि ‘ख’ म्हटले असते तर निम्मी घबराट टळली असती, असे माझे मत आहे.

शेतात काय झाले, याचे उत्तर पुढच्या हंगामांनी दिले. भारतात या अळीचा मुख्य तडाखा मक्यालाच बसला. ज्वारी, ऊस यांवर ती आढळली, पण मक्याइतके नुकसान तिने दुसऱ्या पिकात केले नाही. भाताची खाचरे ज्या आपत्तीला भीत होती, ती आली नाही. अर्थात वंशाचा अभ्यास वाया गेला असे नाही. दोन वंशांच्या माद्या नराला बोलावण्यासाठी जे गंधद्रव्य सोडतात, त्याच्या मिश्रणातही फरक असतो. कामगंध सापळ्यात कोणते मिश्रण ठेवायचे, हे ठरवताना आपल्याकडे आलेली अळी नेमकी कोणत्या वळणाची आहे, ते ठाऊक असावे लागते.

या सगळ्यात शाळेला करता येईल असे एक काम आहे. आपल्या प्रयोगशाळेतल्या कपाटात फॉर्मॅलिनच्या बाटल्या असतात, त्यांत साप, विंचू, अळ्या वर्षानुवर्षे बुडवून ठेवलेल्या. फॉर्मॅलिनने आकार टिकतो, पण डीएनएची अक्षरे एकमेकांत अडकून खराब होतात. असा नमुना पुढे वाचायला फार जड जातो. तेव्हा मक्यात, ज्वारीत किंवा हरळीवर लष्करी अळी सापडली, तर ती ९५ टक्के अल्कोहोलमध्ये छोट्या कुपीत ठेवावी आणि एक-दोन दिवसांनी अल्कोहोल बदलावे. कागदाच्या चिठ्ठीवर गावाचे नाव, तारीख आणि अळी कोणत्या पिकावर होती ते लिहून चिठ्ठी कुपीच्या आत टाकावी. लिहायला पेन्सिलच घ्यावी, कारण पेनची शाई अल्कोहोलमध्ये विरघळून जाते.